'मानवी चूक' म्हणजे नेमकी कुठल्या मानवाची?

२६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडमध्ये मिग-२१ निवृत्त झालं आणि पुढचे दोन-तीन दिवस आपल्या सगळ्यांच्या फोनवर मिगच मिग होतं. पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी, मागे देशभक्तीपर गाणं, शेवटी सॅल्यूटची इमोजी. खाली कॉमेंटमध्ये दोन तट पडलेले. एक म्हणत होता, '६२ वर्षं आकाश राखणारा योद्धा'. दुसरा म्हणत होता, 'बरं झालं, उडती शवपेटी गेली एकदाची'.

माझं भांडण दोन्ही तटांशी आहे. योद्धा म्हटलं की विमानाला माणूस करता येतं, गळ्यात हार घालता येतो आणि विषय संपतो. शवपेटी म्हटलं की सगळं पाप त्या पत्र्यावर ढकलता येतं आणि विषय तेव्हाही संपतो. दोन्हीकडे एक प्रश्न विचारायचा राहून जातो: या विमानात बसणाऱ्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोराकडून आपण नेमकं काय मागत होतो, आणि ते त्याला जमावं म्हणून आपण त्याला काय दिलं होतं?

या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिग-२१च्या कॉकपिटमध्ये आहे. उरलेलं निम्मं दिल्लीतल्या फायलींमध्ये. मधल्या मधे एक शब्दप्रयोग आहे, जो ही दोन्ही उत्तरं झाकून ठेवतो. 'मानवी चूक'.

२०१२ साली तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत लेखी उत्तर दिलं होतं. रशियाकडून घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून जास्त पडली होती. एप्रिल २०१२पर्यंत ४८२ अपघात, त्यांत १७१ वैमानिक, ३९ सामान्य नागरिक आणि इतर सेवांतले ८ जण गेले. (हा आकडा सगळ्या प्रकारच्या मिगचा आहे, एकट्या २१चा नाही. कॉमेंटमध्ये भांडताना एवढं तरी नीट वापरा.) कारणं काय? तर मानवी चूक आणि तांत्रिक बिघाड. संपलं उत्तर.

मी मूळची नाशिकची. आमच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ही विमानं बनली, सहाशेहून जास्त. त्यामुळे मिग हा आमच्याकडे बातमीतला विषय नव्हता, कुणाच्या तरी काकांची नोकरी होती. आणि माझा स्वतःचा धंदा मोबाईल अ‍ॅपच्या स्क्रीन आखण्याचा. कुठलं बटण कुठे, कुठला रंग कशासाठी, घाईत असलेल्या माणसाचा अंगठा कुठे जाईल, यावर माझं पोट चालतं. मी जिथे आधी काम करायचे त्या एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारींसाठी एक रकाना होता: 'युजर एरर'. तक्रार त्यात टाकली की ती बंद. एकाच बटणावर महिन्याला शंभर माणसं 'चुकत' असली तरी शंभर वेगळ्या चुका धरायच्या. त्यामुळे 'मानवी चूक' हा शब्द दिसला की मी आधी माणसाकडे बघत नाही. त्याच्या हाताखाली काय होतं ते बघते.

चला, मिगच्या खुर्चीत बसू.

हाताखाली काय होतं

पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे जागा नाही. मिग-२१ हे नळीसारखं विमान. एक इंजिन, पुढे हवा आत घेणारं तोंड, त्या तोंडात एक सुळका, आणि या सगळ्याच्या पाठीवर तुम्ही. तो सुळका विमानाचा वेग वाढेल तसा आपोआप पुढे सरकतो, म्हणजे आवाजापेक्षा जास्त वेगाला हवा इंजिनात नीट शिरते. आपोआप चालेनासं झालं तर हाताने चालवायची सोय कॉकपिटमध्ये आहे. ही 'आपोआप, पण नाही चाललं तर तू बघ' अशी व्यवस्था या विमानात जागोजागी भेटते.

डाव्या हातात थ्रॉटल. पुढे ढकलला की जोर वाढतो, एका टप्प्याच्या पलीकडे आफ्टरबर्नर. त्याच थ्रॉटलवर एअरब्रेकचं बटण, आणि मूठ पिळून बंदुकीच्या निशाणदर्शकात लक्ष्याचं अंतर जुळवायची सोय. उजव्या हातात स्टिक. तिच्यावर ट्रिम, गोळीबाराचा घोडा, क्षेपणास्त्राचं बटण. आणि चाकांचा ब्रेकही तिथेच, सायकलच्या ब्रेकसारखी दाबायची पट्टी. ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा बाटल्यांत भरलेली, म्हणजे मोजकी. पुढचं चाक मोकळं फिरणारं. जमिनीवर वळायचं तर हाताने पट्टी दाबायची आणि पायाने पेडल, म्हणजे एका बाजूचा ब्रेक जास्त लागतो आणि विमान तिकडे वळतं. विमान अजून हवेत गेलेलंही नाही आणि तुमचे दोन हात, दोन पाय कामाला लागलेत.

आता समोर बघा. घड्याळांसारखी यंत्रं दाटीवाटीने. त्यांतल्या दोन-तीन गोष्टीच सांगते, कारण त्या कळल्या की बाकीचं कळतं.

एक म्हणजे इंधनाचा काटा. तुमच्या स्कूटरचा काटा टाकीत किती पेट्रोल आहे ते मोजतो. मिग-२१ बिसचा काटा टाकीत काही मोजत नाही. किती इंधन भरलंय हे उड्डाणाआधी वैमानिकाने हाताने लावायचं. इंजिन पीत जाईल तसा काटा उतरत जातो. म्हणजे तो मोजणारा काटा नाही, उधारीची वही आहे. सुरुवातीचा आकडा चुकीचा लिहिला तर शेवटपर्यंतचा हिशेब चुकीचा. मदतीला टाक्या रिकाम्या होत आल्या की पेटणारे दिवे आहेत. पण ज्या विमानाचं एक उड्डाण अर्ध्या-पाऊण तासाचं, त्यात दिवा पेटेपर्यंत निर्णयाची वेळ बऱ्यापैकी सरलेली असते.

दुसरी गोष्ट, स्टिक आणि शेपटी यांच्या मधे बसलेला एक मध्यस्थ. वेग जास्त आणि उंची कमी असताना शेपटीचा आडवा पंख जरासा हलला तरी विमान उसळतं. म्हणून तिथे हा मध्यस्थ तुमच्या हाताचा जोर कमी करून पोहोचवतो. उतरताना वेग कमी असतो, तेव्हा तोच पूर्ण जोर पोहोचू देतो. हेही आपोआप. पण तो नेमका कुठल्या स्थितीत आहे हे वैमानिकाने बघायचं. उतरण्याआधी एक छोटा दिवा सांगतो की शेपटी 'उतरण्याच्या' स्थितीत आहे. दिवा नसेल आणि तुमच्या लक्षात आलं नसेल, तर ऐन वेळी स्टिक पोटापर्यंत ओढूनही नाक हवं तेवढं वर येणार नाही.

तिसरी, उतरणं. मिग धावपट्टीला टेकतं ते ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास. समृद्धी महामार्गावर मर्यादा १२०ची आहे, त्याच्या अडीचपट. पंख लहान, त्रिकोणी. वेगासाठी उत्तम, सावकाश उडायला वाईट. वेग पडला म्हणून नाक वर केलंत तर उचल वाढण्याऐवजी ओढच वाढते आणि विमान खाली बसायला लागतं. इलाज एकच, इंजिनाचा जोर. पण ते इंजिन लगेच जोर धरत नाही, काही सेकंद घेतं. बिससारख्या नंतरच्या आवृत्त्यांत इंजिनातलीच दाबाची हवा फ्लॅपवरून सोडतात, म्हणजे उचल वाढते. छान युक्ती आहे. पण मग उतरताना थ्रॉटल झटकन मागे घ्यायचा नाही. घेतला तर हवा जाते आणि हवेबरोबर उचलही. त्यात नाक वर असल्यामुळे समोरचं दिसतं कमी, काचेची जाड चौकट आणि मधोमध निशाणदर्शक. दोन आसनी प्रशिक्षण विमानात तर मागे बसलेल्या प्रशिक्षकाला धावपट्टी बघायला पेरिस्कोप लागायचा. हो, पाणबुडीत असतो तसा.

हे सगळं वाचून 'काय भंगार विमान' असं वाटत असेल तर थांबा. मला तसं अजिबात म्हणायचं नाही.

विमान खोटं बोलत नव्हतं

मिग-२१ १९५०च्या दशकात आखलं गेलं. काम एकच: उंचावरून येणारं बॉम्बर दिसलं की झटकन वर जायचं, गाठायचं, पाडायचं, परत यायचं. त्या कामासाठी ते हलकं, स्वस्त आणि साधं ठेवलं. जगभरात अकरा हजारांच्या आसपास बनली. १४ डिसेंबर १९७१ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ला केला तो भारतीय मिग-२१नीच. ज्यांनी ते उडवलं त्यांतले कितीतरी जण आजही त्याच्याबद्दल प्रेमाने बोलतात आणि त्यांचं प्रेम खरं आहे.

आणि ज्यांनी कॉकपिट आखलं ते माणसाला विसरले नव्हते. चाकांची दांडी वेगळी, फ्लॅपची बटणं वेगळ्या जागी वेगळ्या आकाराची. त्या पॅनेलवर एक गोष्ट आहे, जी मला या अख्ख्या विमानातली सगळ्यात प्रामाणिक वाटते. पॅनेलच्या मधोमध वरून खाली रंगवलेली एक पांढरी रेघ. कशाला? विमान गरगरत खाली जायला लागलं की माणसाला वर-खाली, डावं-उजवं कळेनासं होतं. स्टिक मधे आहे की बाजूला, हेही कळत नाही. अशा वेळी विचार करायचा नाही. स्टिक पुढे, त्या रेघेकडे ढकलायची.

या रेघेचा अर्थ बघा. मॉस्कोत शांतपणे टेबलाशी बसलेल्या कुणीतरी आधीच मान्य केलं होतं की तू गोंधळणार आहेस, तू माणूस आहेस, गोंधळशील तेव्हा उत्तर तुझ्या डोळ्यांसमोर असलं पाहिजे. चूक होणार हे गृहीत धरून तिच्यासाठी केलेली ही तरतूद.

म्हणजे हे कॉकपिट एक करारपत्र आहे. विमान म्हणतं: मी तुला आवाजाच्या दुप्पट वेग देतो, पण मला तुझं पूर्ण लक्ष हवं, इंधनाचा हिशेब तू ठेव, शेपटीचा दिवा तू बघ, उतरताना थ्रॉटलवर हात सांभाळ. अटी कडक होत्या पण लपवलेल्या नव्हत्या. पहिल्या दिवसापासून पॅनेलवर लिहिलेल्या होत्या. सही करणाऱ्याने त्या वाचल्या होत्या का, हा खरा प्रश्न आहे. आणि सही वैमानिकाने केली नव्हती.

बावीस वर्षांची फाईल

भारतात मिग-२१ आलं १९६३ला. वर्षं गेली तशी ते हवाई दलाचा कणा झालं. नवा लढाऊ वैमानिक तयार झाला की त्याच्या वाट्याला बहुधा मिग-२१च. पण तिथवर पोहोचायची शिडी कशी होती? खालची पायरी 'किरण', हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं प्रशिक्षण विमान. आवाजापेक्षा बरंच कमी वेगाचं, गरीब स्वभावाचं. त्यावरून पुढची उडी मिगवर. मधे काही काळ जुनी हंटर होती, मग तेजपूरला मिगसाठीच प्रशिक्षण तळ उभा राहिला. म्हणजे अवघड विमान शिकवायला तेच अवघड विमान.

ही उडी फक्त वेगाची नव्हती. किरणमध्ये वेग नॉटमध्ये आणि उंची फुटांत. मिगमध्ये किलोमीटर आणि मीटर. बरं, आकडे पाठ होतात. क्षितिजाचं यंत्र पाठ होत नाही, ते अंगात भिनतं. ढगात किंवा अमावास्येच्या रात्री बाहेर काही दिसत नाही, तेव्हा विमान कुठे कललंय हे सांगणारं हे यंत्र. पाश्चात्त्य पद्धतीत विमानाचं चिन्ह स्थिर असतं आणि मागचं क्षितिज कलतं, खिडकीतून दिसेल तसं. सोव्हिएत पद्धतीत क्षितिज आडवंच राहतं आणि विमानाचं चिन्ह कलतं, बाहेरून कुणी बघावं तसं. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. पण एकीची सवय झालेला माणूस दुसरीसमोर बसला आणि दमलेला असेल, घाबरलेला असेल, तर डावीकडे कललेलं विमान त्याला उजवीकडे कललंय असं वाटू शकतं. मग तो ते 'सरळ' करायला जातो.

ही कल्पना नाही. २००० साली झुरिकजवळ साब ३४० विमान पडलं, १० माणसं गेली. २००८ साली रशियात पर्मला बोईंग ७३७ पडलं, ८८ माणसं गेली. दोन्हीकडे कॅप्टन सोव्हिएत पद्धतीच्या यंत्रावर वाढलेले आणि पाश्चात्त्य यंत्रासमोर बसलेले. दोन्ही चौकशांत इतर कारणांबरोबर हा मुद्दा नोंदला गेला. ती तर अनुभवी माणसं होती, सावकाश उडणाऱ्या प्रवासी विमानांत. आमची पोरं उलट दिशेने जात होती, पाश्चात्त्य वळणावरून सोव्हिएत वळणावर, आणि तेही मिगच्या वेगात.

मधली पायरी हवी हे कुणाला कळत नव्हतं असं नाही. १९८२ साली एअर मार्शल डेनिस ला फाँटेन यांच्या समितीने स्पष्ट सांगितलं होतं की प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्या. हॉक विमानांचा करार झाला २००४ साली. बावीस वर्षं. मधे ला फाँटेन स्वतः हवाई दलप्रमुख झाले आणि निवृत्तही झाले. सोव्हिएत युनियन अस्तित्वात होतं ते उरलं नाही. देशाने आठ पंतप्रधान पाहिले. प्रत्यक्ष हॉक दलात आलं ते २००८ला.

१९८२ साली जन्मलेलं मूल २००४ साली वैमानिक होण्याच्या वयाचं झालं होतं. समितीचा कागद आणि ते मूल एकदमच मोठे झाले म्हणा ना.

आता मला सांगा, या बावीस वर्षांत उतरताना किंवा ढगात गोंधळून जो पडला, त्याच्या नावापुढे 'मानवी चूक' लिहायचं असेल, तर हरकत नाही, लिहा. पण कुठल्या मानवाची? स्टिक धरणारा एक मानव. फाईल धरून बसलेले अनेक. त्यांच्याकडे काही सेकंद नव्हते, बावीस वर्षं होती.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना कविता गाडगीळ हे नाव माहीत असेल, नसेल तर माहीत असायला हवं. त्यांचा मुलगा फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सप्टेंबर २००१मध्ये सुरतगडला रात्रीच्या उड्डाणात मिग-२१मध्ये गेला. या बाईंनी सांत्वनपर पत्रांवर समाधान मानलं नाही. थेट संरक्षणमंत्र्यांशी पत्रव्यवहार केला, वर्तमानपत्रांतून बोलल्या, वर्षानुवर्षं बोलत राहिल्या. २००६ला 'रंग दे बसंती' आला तेव्हा अनेकांना हीच गोष्ट आठवली (दिग्दर्शकांनी संबंध नाकारला होता). आपण त्या सिनेमात रडलो. मग बाहेर येऊन विमानाला शवपेटी म्हणायला लागलो आणि आपलं कर्तव्य झालं असं मानलं.

१९४३ सालीच सापडलेलं उत्तर

'मानवी चूक' हे कारण नसून चौकशीची सुरुवात आहे, हे मी सांगतेय म्हणून ऐकू नका. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं नीट उतरल्यावर अचानक पोटावर बसायची. वैमानिक फ्लॅप मिटवायच्या ऐवजी चाकंच मिटवायचे. सगळ्यांच्या नावावर वैमानिकाची चूक. १९४३ साली आल्फोन्स चापानिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने वैमानिकांना तपासण्याऐवजी कॉकपिट तपासलं. दोन्ही कंट्रोल शेजारी-शेजारी, दिसायला आणि हाताला सारखे. त्याने उपाय सुचवला: चाकांच्या दांडीला चाकाच्या आकाराची मूठ, फ्लॅपच्या दांडीला फ्लॅपच्या आकाराची. आजही मोठ्या प्रवासी विमानात चाकांच्या दांडीची मूठ चाकासारखी असते, आता तो नियमच आहे.

१९४७ला पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी कंट्रोल हाताळतानाच्या अशा ४६० 'वैमानिकांच्या चुका' जमवून त्यांचे गट पाडले. सगळ्यात मोठा गट, एका ऐवजी दुसरंच कंट्रोल हलवल्याचा. एवढी प्रशिक्षित माणसं एकाच ठिकाणी, एकाच प्रकारे चुकत असतील तर ती माणसांची चूक उरत नाही, जागेची होते. मिग-२१ भारतात यायच्या कितीतरी आधी ही गोष्ट छापून आली होती.

'पण' म्हणणाऱ्यांसाठी

पहिला पण: 'मिगच जास्त होती, मिगच जास्त उडाली, म्हणून मिगच जास्त पडली.' यात तथ्य आहे. ताफ्यात जे सर्वांत जास्त असतं त्याच्या अपघातांचा आकडाही मोठाच दिसतो. पण यातून विमान निर्दोष ठरतं, व्यवस्था नाही. सगळ्यात जास्त पोरं ज्या विमानावर बसणार हे माहीत होतं, त्याची शिडी सगळ्यात आधी बांधायला हवी होती.

दुसरा पण: 'त्या काळातली सगळीच विमानं अशी होती.' होती. पश्चिम जर्मनीकडे त्याच पिढीचं एफ-१०४ स्टारफायटर होतं. तसंच निमुळतं, लहान पंखांचं, अवघड. ९१६पैकी २९२ गेली, ११६ वैमानिक मेले. त्यांनीही त्याला विधवा करणारं विमान म्हटलं. पण तिथे या प्रश्नावर राजकारण पेटलं. १९६६ला योहानेस श्टाइनहॉफ हवाई दलप्रमुख झाले. स्वतः महायुद्धात विमानाच्या आगीत चेहरा होरपळलेला माणूस. त्यांनी प्रशिक्षणात, देखभालीत हात घातला. बाहेर फेकणारी सीट बदलून दुसरी बसवली. विमान तेच राहिलं, अपघात कमी झाले. म्हणजे विमान बदलता येत नसलं तरी करारातली आपली बाजू पाळता येते.

आपल्याकडेही पुढे 'बायसन' आवृत्तीत नवं रडार, समोरच्या काचेवर माहिती दाखवणारा पडदा आला, म्हणजे वैमानिकाला सारखं खाली बघावं लागू नये. सव्वाशे विमानं सुधारली गेली. चांगलंच झालं. पण इंजिन एकच, पंख तेच, आणि ही सुधारणा आली एकविसाव्या शतकाच्या तोंडावर.

तिसरा पण, जो मला सगळ्यात जास्त चीड आणतो: 'सैनिक आहे, जिवावर उदार होऊनच येतो.' याला उत्तर दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ साली दिलंय. २००५ साली राजस्थानात मिग-२१ पडलं, विंग कमांडर वाचला पण पाठीची कायमची दुखापत घेऊन. न्यायालयाने त्याला ५५ लाखांची भरपाई मंजूर केली. आशय असा की सैनिक युद्धाचा धोका पत्करतो, पण निकृष्ट कामामुळे येणारा जादा धोका त्याने पत्करलेला नसतो. त्या निकालात ओझरच्या कारखान्यामागची कंपनीही आहे, हे मी नाशिककर म्हणून गिळून टाकणार नाही.

मग मागायचं काय?

आपल्याकडे प्रवासी विमान पडलं तर चौकशीचा अहवाल प्रसिद्ध होतो, कुणालाही वाचता येतो. लढाऊ विमान पडलं तर 'कोर्ट ऑफ एन्क्वायरी' बसते आणि तिचा अहवाल बंद राहतो. कारण, गोपनीयता. सेवेत असलेल्या विमानाबाबत मी हे समजू शकते.

पण मिग-२१ आता सेवेत नाही. घरच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या 'डीसीएस' सिम्युलेटरमध्ये मिग-२१ बिसचं अख्खं कॉकपिट मिळतं. इंधनाचा काटा हाताने लावण्यापासून शेपटीच्या दिव्यापर्यंत सगळं. मी त्यात कितीतरी रात्री घालवल्यात, वर लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी माझ्या हातांना तिथेच कळल्या. जगातल्या कुठल्याही पंधरा वर्षांच्या मुलाला आज हे कॉकपिट तोंडपाठ असू शकतं. तर मग गुपित उरलंय ते कशाचं? विमानाचं तर नाहीच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सहा दशकांतल्या मिग-२१ अपघातांच्या चौकशीतला कारणांचा भाग उघड करा. नावं झाका, तळ झाका, डावपेच झाका. फक्त एवढं कळू दे की त्या दिवशी त्या वैमानिकाचे त्या विमानावर किती तास झाले होते, दिवा पेटला होता का, सुटा भाग कुठून आला होता, आणि 'मानवी चूक' लिहिणाऱ्याने त्यापुढे अजून एक प्रश्न विचारला होता का. याचा उपयोग फक्त गेलेल्यांच्या घरच्यांना नाही. तेजसमध्ये आज जी मुलं-मुली बसतायत, त्यांच्यासाठी पांढरी रेघ कुठे ओढायची हे त्या कागदांतूनच कळेल.

तोवर तुम्ही एक करू शकता. कुठल्याही अपघाताच्या बातमीत 'मानवी चूक' हे शब्द दिसले, मग विमान असो, एसटी असो, रेल्वेचा सिग्नल असो की इस्पितळातलं इंजेक्शन, तर तिथे वाचन थांबवू नका. त्याच्या हाताखाली काय होतं, त्याची ड्यूटी कितव्या तासाला होती, आणि त्याच्या आधी किती जण तिथेच चुकले होते, हे विचारा. बातमीत ते दिलेलं नसेल तर ती बातमी अर्धी आहे, हे खाली कॉमेंटमध्ये लिहा. सॅल्यूटची इमोजी नंतर टाकली तरी चालेल.